पावसात ‘डी’ लुकलुकतो आणि गाडी एकाच गिअरला अडकते: गिअरबॉक्स उतरवायच्या आधी वायर मोजा

दादा, तुम्ही जे सांगितलंय ते आधी माझ्या शब्दात मांडतो, काही चुकत असेल तर लगेच सांगा. गाडी ९ वर्षांची, ७२ हजार किलोमीटर झालेली, चार स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते तो. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरताना पाऊस असला की मीटरवरचा ‘डी’, म्हणजे ड्राइव्हचा दिवा, लुकलुकायला लागतो, गाडी एकाच गिअरला अडकते, थांबून परत उठताना जड जाते, आणि इंजिन बंद करून चालू केलं की दहा-पंधरा मिनिटं एकदम व्यवस्थित चालते मग परत तेच. एका गॅरेजने स्कॅनर लावून पी०७०० आणि पी०७५३ असे दोन कोड सांगितले आणि गिअरबॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉलचे सव्वा लाख सांगितले, दुसऱ्याने गिअरबॉक्सचा कंप्युटर बदला म्हणून सांगितलं. ऑइल लाल आहे, जळका वास नाही, कोरड्या दिवसात काहीच त्रास नाही.

एवढ्यावरून मी एकच सांगेन, आत्ता या दोन्हीतलं काहीच करू नका. एकही पैसा पार्टवर घालू नका. आधी मोजायचं.

मी बावीस वर्षं चिपळुणात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, आणि कोकणातल्या पावसाने जेवढ्या ऑटोमॅटिक गाड्या माझ्याकडे पाठवल्या तेवढ्या घाटाने पण नाही पाठवल्या. क्लच प्लेट जळालेल्या असतील तर त्यांना पाऊस आहे की ऊन आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्या रोज घसरणार, तापल्यावर जास्त घसरणार, ऑइल काळं पडणार, वास येणार. तुमचं तसं नाहीये. पाण्याबरोबर येणारा आणि पाण्याबरोबर जाणारा दोष हा बहुतेक वेळा तांब्यात असतो, लोखंडात नाही.

आता हे नेमकं काय होतंय ते समजून घ्या, म्हणजे कोणी काही सांगितलं तर तुम्हाला पारखता येईल. गिअरबॉक्सच्या पोटात व्हॉल्व बॉडी असते, तिच्यावर सोलेनॉईड बसलेले असतात, म्हणजे करंट दिला की ऑइलची वाट उघडणारे किंवा बंद करणारे छोटे नळ म्हणा. कोणता नळ कधी उघडायचा ते टीसीएम ठरवतो, म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्युटर. त्याला माहिती लागते, इनपुट शाफ्ट किती फिरतोय, आउटपुट किती फिरतोय, लिव्हर कुठे आहे, ऑइल किती गरम आहे, थ्रॉटल किती दाबलाय. यातलं काही पटलं नाही किंवा एखाद्या सोलेनॉईडच्या वायरीत त्याला हवा तसा करंट दिसला नाही की तो सगळ्या सोलेनॉईडचा सप्लाय तोडतो. सप्लाय गेला की ऑइल आपोआप एका ठराविक वाटेने जातं आणि गाडी एकाच गिअरला राहते, बऱ्याच चार स्पीडमध्ये तो तिसरा असतो. रिव्हर्स मात्र पडतो, कारण तो लिव्हरच्या केबलने हलणाऱ्या मॅन्युअल व्हॉल्ववर चालतो. यालाच लिम्प मोड म्हणतात, म्हणजे गिअरबॉक्सने स्वतःला वाचवलंय आणि तुम्हाला घरापर्यंत न्यायची सोय ठेवलीय. चावी बंद-चालू केली की टीसीएम परत पहिल्यापासून तपासायला लागतो, तेवढ्यात दोष दिसला नाही तर गाडी नीट चालते. तुमची दहा-पंधरा मिनिटं ही तीच.

आता कोड. पी०७०० हा दोष नाहीये, ती नुसती चिठ्ठी आहे. टीसीएमने इंजिनच्या कंप्युटरला सांगितलं की माझ्याकडे काहीतरी आहे, दिवा लाव. बाजारात मिळणारे छोटे ब्लूटूथवाले स्कॅनर बऱ्याचदा एवढंच दाखवतात आणि लोक पी०७०० घेऊन पार्ट शोधत फिरतात. खरा कोड टीसीएमच्या आत जाऊन वाचावा लागतो आणि तुमच्या गॅरेजने तो वाचलाय ही चांगली गोष्ट आहे, पी०७५३. याचा अर्थ शिफ्ट सोलेनॉईड ए, इलेक्ट्रिकल. आणि इथेच माझं त्या सव्वा लाखाशी पटत नाही, कारण पी०७५१ आला असता तर मी म्हटलं असतं की सोलेनॉईडला करंट मिळतोय पण काम होत नाही, व्हॉल्व अडकला असेल, ऑइलमध्ये घाण असेल, आत बघायला लागेल. पी०७३१ ते पी०७३४ यातलं काही आलं असतं तर गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे क्लच घसरत असेल किंवा स्पीड सेन्सर खोटं सांगत असेल. पण पी०७५३ मध्ये टीसीएम स्पष्ट सांगतोय की माझी तक्रार वायरीतल्या करंटबद्दल आहे. त्याला क्लच प्लेटबद्दल काहीच म्हणायचं नाहीये. मग क्लच प्लेटा बदलून काय होणार?

करंटच्या त्या वाटेवर संशयित तीनच आहेत, सोलेनॉईडची कॉइल, मधली वायर आणि कपलर म्हणजे वायरी जोडणारा सॉकेट, आणि टीसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे सोलेनॉईडला करंट सोडणारा भाग. माझ्या अनुभवात मधलंच जास्त वेळा निघतं आणि तेच सगळ्यात कमी तपासलं जातं, कारण तिथे वेळ जातो आणि बिल होत नाही.

सुरुवात बॅटरीपासून करा, हसू नका. इंजिन बंद, रात्रभर उभी असलेली गाडी, १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. चालू असताना १३.८ ते १४.५. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवरच बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि व्होल्टेजची ती थरथर स्पीड सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळते. ऑटोमॅटिक गाडीत कमकुवत बॅटरी एकट्याने चार-पाच खोटे कोड काढू शकते, आणि बॅटरी टर्मिनलवर पांढरं चढलेलं असताना गिअरबॉक्सबद्दल बोलणंच चूक आहे.

त्यानंतर अर्थ, म्हणजे अर्थिंग. इंजिन-गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी जाड पट्टी असते, ती गंजली तर सेल्फचा मोठा करंट बारीक अर्थ वायरींमधून नाहीतर गिअर केबलमधून वाट काढतो. हे ओहमवर मोजू नका. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं गिअरबॉक्सच्या अंगावर, हेडलाइट आणि पंखा चालू करून बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. सेल्फ मारताना थोडं वाढेल, ०.२ पर्यंत चालतं, अर्धा व्होल्ट दाखवला तर पट्टी काढून घासून परत बसवा. मग टीसीएमच्या अर्थच्या पिनेवर हेच.

आता मुख्य जागा. आडव्या इंजिनच्या बहुतेक गाड्यांत बॅटरीचा ट्रे बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो. म्हणजे बॉनेटच्या फटीतून आलेलं पाणी, बॅटरीचं ऍसिड, सर्व्हिसिंगला प्रेशर मारलेलं पाणी, सगळं उतरतं ते गिअरबॉक्सच्या मोठ्या कपलरवर आणि लिव्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या स्विचवर. बॅटरी आणि ट्रे काढा. पण थांबा, बॅटरी काढायच्या आधी स्कॅनर लावून फ्रीज फ्रेम लिहून घ्या किंवा फोटो काढा, म्हणजे कोड आला तेव्हा स्पीड किती होता, ऑइलचं तापमान किती, व्होल्टेज किती. बॅटरी सुटली किंवा कोणी उत्साहाने कोड खोडले की तो पुरावा गेला, आणि बऱ्याच गाड्यांत टीसीएमने शिकून ठेवलेलं ऍडॅप्टेशन पण जातं, मग काही दिवस गिअर धक्क्याने पडतात आणि माणूस घाबरतो.

कपलर सोडवा आणि नीट उजेडात बघा. हिरवं पडलंय का, पिन मागे सरकलीय का, रबरी सील फाटलंय का, आत लाल ऑइल आहे का. हिरवं म्हणजे बाहेरून पाणी. लाल ऑइल म्हणजे आतून, गिअरबॉक्सच्या कपलरची ओ-रिंग गेली की ऑइल वायरीच्या तारांमधून चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मर्सिडिजच्या ७२२.६ या पाच स्पीड गिअरबॉक्समध्ये हे इतकं ठरलेलं आहे की अनुभवी माणूस आधी तो १३ पिनांचा कपलर सोडतो आणि मग टीसीएमच्या डब्यात ऑइल पोचलंय का बघतो.

२०२१ च्या जुलैत, २२ तारखेला, वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हाच्या गाड्यांवर मी हे जवळून पाहिलंय. पाणी उतरल्यावर गाडी धुतली, ऑइलं बदलली, चालू झाली, सगळे खूश. आणि दीड-दोन महिन्यांनी एकेक परत यायला लागली, कारण कपलरच्या आत राहिलेल्या चिखलाने पिना खायला सुरुवात केली होती. पुराच्या गाडीत प्रत्येक कपलर उघडून साफ करण्याला पर्याय नाही, तेव्हा ज्यांनी हे करून घेतलं त्यांच्या गाड्या अजून चालतायत.

साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा जातो. साधं ग्रीस भरू नका. आणि मीटरची जाड सुई मादी पिनेत समोरून कधीही खुपसू नका, ती पिन रुंद होते आणि तुम्ही स्वतः नवीन दोष तयार करता, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजायचं.

मोजायचं कुठून? गिअरबॉक्सवरून नाही, टीसीएमच्या टोकाकडून. कपलर साफ करून परत जोडा, बॅटरीचा मायनस काढलेला राहू द्या, टीसीएमचा कपलर सोडा आणि हार्नेसकडच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याकडच्या, पिनांवर सोलेनॉईड एची कॉइल मोजा, म्हणजे कॉइल, मधला कपलर आणि पूर्ण वायर एका फटक्यात मोजली जाते. आकडा तुमच्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमधूनच घ्या कारण प्रत्येकाचा वेगळा असतो, काहींत २.७ ते ३.४ ओहम, काहींत ११ ते १५ ओहम, प्रेशरवाल्या लिनिअर सोलेनॉईडचे ५ च्या आसपास. कमी ओहमवाला असेल तर आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून बघा, ०.३ वगैरे दाखवेल, तेवढे वजा करा, नाहीतर चांगली कॉइल खराब ठरवाल. मग बी, सी मोजा. एकाच जातीचे सोलेनॉईड साधारण सारखेच दाखवणार, एकटा वेगळा दिसला तर तोच. हेच सगळं गाडी अर्धा तास फिरवून गरम असताना परत मोजा, कारण कॉइलची तार थंड असताना जुळलेली आणि गरम झाल्यावर उघडी असं होतं. गरम झाल्यावर ओहम थोडे वाढणार, ते स्वाभाविक आहे, पण दुप्पट होणार नाहीत.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय तो मुद्दा. ओहम मीटरवर विश्वास ठेवून मी स्वतः एकदा चुकलोय. गुहागरकडची गाडी, तुमच्यासारखंच पावसातलं दुखणं, तोच कोड. वायर मोजली, ०.२ ओहम, म्हणजे उत्तम. कॉइल पण बरोबर. मी ठरवलं की सोलेनॉईड तापल्यावर जात असणार, ऑइल पॅन उघडला, नवीन सोलेनॉईड घातला, ट्रायल मारली, छान चालली. आठव्या दिवशी गाडी परत दारात. त्या मालकाने माझ्यावर विश्वास ठेवून पैसे दिले होते, ते मी परत केले आणि दोन दिवस गाडी ठेवून घेतली. तेव्हा सापडलं की हार्नेस बॅटरी ट्रेच्या पत्र्यावर घासून वायरीच्या आतल्या तारा तुटल्या होत्या, दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक. मीटर ओहम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो, त्याला एक तार पण पुरते, म्हणून तो सगळं ठीक सांगतो. सोलेनॉईडला अँपिअरमध्ये करंट लागतो, तो त्या दोन तारांतून जात नाही, आणि वर सोललेल्या जागी पाणी लागलं की करंट पत्र्याकडे पण गळतो.

तेव्हापासून मी वायरीवर लोड टाकून बघतो. दोन्ही टोकांचे कपलर सोडायचे, टीसीएमचा पण आणि गिअरबॉक्सचा पण, हे विसरलात तर टीसीएम जाईल. मग एका टोकाला ५ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, दुसऱ्या टोकाला ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब आणि त्याचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला. पावणेदोन अँपिअर जातो. बल्ब बॅटरीवर थेट लावल्यासारखा लख्ख पेटला पाहिजे, वायरीच्या दोन टोकांत मिळून ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. मग एका माणसाने बल्बकडे बघायचं आणि दुसऱ्याने हार्नेस वितावितावर धरून हलवायचा, पिळायचा, क्लिपच्या जागी, ट्रेच्या कोपऱ्यात, इंजिन हलतं आणि बॉडी स्थिर असते तिथे खास. जिथे बल्ब डोळा मारेल तिथे टेप सोडा. हाच हार्नेस उंदरांना पण फार आवडतो, पावसात ते गरम इंजिनवर येऊन बसतात, म्हणून एअर फिल्टरच्या डब्याखाली लेंड्या दिसल्या तर त्या बाजूने शोध सुरू करा.

बल्बने काही सापडलं नाही तर सगळं जोडून गाडी पी मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, चालू ठेवा, हँडब्रेक ओढा, स्कॅनर लाइव्हवर आणि साध्या पाण्याचा स्प्रे घेऊन एकेक जागा भिजवा. आधी गिअरबॉक्सचा कपलर, पाच मिनिटं थांबा, मग लिव्हरचा स्विच, मग टीसीएमकडे जाणारा भाग. पाइप लावून सगळं एकदम भिजवलंत तर कोड येईल पण कुठून आला ते कळणार नाही.

लिव्हरच्या स्विचबद्दल दोन शब्द, कारण पावसातलं दुसरं नेहमीचं गिऱ्हाईक तेच. तुम्हाला त्याचा कोड पी०७०५ आलेला नाही त्यामुळे तो पहिला संशयित नाही, पण चावी चालू ठेवून लिव्हर पी पासून खाली हळूहळू आणा आणि स्कॅनरवर अक्षर बघत राहा, मध्ये कुठे रिकामं झालं किंवा दोन अक्षरं नाचली तर स्विच उघडून साफ करायचा. कधी सेल्फ फक्त एन मध्येच, म्हणजे न्यूट्रलमध्येच, लागतो आणि पी मध्ये नाही, ते पण याचंच लक्षण.

स्कॅनर लावलाच आहे तर अजून दोन गोष्टी फुकटात बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत ऑइलचं तापमान आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखं पाहिजे, उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलेली आहे. आणि एन मध्ये टर्बाइन स्पीड, म्हणजे इनपुट शाफ्टचा वेग, इंजिनच्या आरपीएमजवळ, ब्रेक घट्ट दाबून डी टाकला की शून्यावर. असं होत असेल तर इनपुट सेन्सर खरं बोलतोय.

टीसीएम सगळ्यात शेवटी. त्याच्या कपलरवर थंड, गरम, ओलं, हलवून असं सगळं बरोबर आलं, त्याचा सप्लाय आणि अर्थ लोडवर बरोबर आला, आणि तरी पी०७५३ येतोय, तरच मी म्हणेन ड्रायव्हर गेला. जुन्या गाडीतला टीसीएम आणून नुसता लावला की चालेल असं पण समजू नका, बऱ्याच गाड्यांत कोडिंग करावं लागतं. आणि तुम्हाला एकाच सोलेनॉईडचा कोड आहे हे लक्षात ठेवा, रिले किंवा सामाईक सप्लाय गेला असता तर सगळ्या सोलेनॉईडचे कोड एकदम आले असते.

बाहेरून भर घातलेल्या वस्तू पण आठवून सांगा. रिव्हर्स कॅमेरा, एलईडी ब्रेक लाइट, फॉग लॅम्प, कुठल्या वायरीला टॅप मारलाय? माझ्याकडे एक गाडी लिव्हर पी मधून निघत नाही म्हणून टोचनवर आली होती, ब्रेक लाइटचा फ्यूज उडालेला, त्यामुळे ब्रेक दाबलाय हे शिफ्ट लॉकला, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर न सोडणाऱ्या कुलपाला, कळतच नव्हतं. फ्यूज का उडाला तर मागच्या लाइटच्या वायरीला साध्या टेपने जोडलेला कॅमेरा. टोचनचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलूनच न्यायला लावा किंवा सपाट गाडीवर चढवून, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही आणि चाकं फिरली तर आत कोरडं घासतं.

दुरुस्त होईपर्यंत घाट नको. तिसऱ्यात अडकलेली गाडी चढावर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळत बसते आणि ते भयंकर तापतं, आज तुमची प्लेट चांगली आहे ती अशी दोन-चार वेळा चढवलीत तर खरंच जाईल आणि मग तो सव्वा लाख खरा होईल. सपाटीवर चाळीस-पन्नासने सावकाश घरी नेण्यापुरतं ठीक आहे.

हे सगळं एएमटीला जसंच्या तसं लागू नाही, कारण तिथे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच, गिअर हलवायला ऍक्च्युएटर. बॅटरी, अर्थ आणि कपलर मात्र तिथेही आधी.

कराडमध्ये एखादा हाताने काम करणारा जुना वायरमन बघा, महागडा स्कॅनर नसला तरी चालेल, मीटर आणि बल्ब हातात घेणारा पाहिजे. पार्ट न घालता नुसत्या तपासणीचे पैसे त्याला आधीच ठरवून द्या, म्हणजे काहीतरी बदलून बिल करायची घाई त्याला राहणार नाही. आणि मला एवढं कळवा: सेल्फ मारतानाचं बॅटरीचं व्होल्टेज, टीसीएमच्या टोकाकडून सोलेनॉईड ए आणि बीचे थंड आणि गरम ओहम, फ्रीज फ्रेमचा फोटो, आणि बॅटरी ट्रे काढल्यावर खालच्या हार्नेसचा उजेडातला एक फोटो. ट्रेच्या कडेला वायर घासलेली दिसली तर तिथे काही जोडू नका, तशीच ठेवून फोटो काढा, कुठून कापायची आणि कशी सोल्डर करून स्लीव्ह चढवायची ते मी बघून सांगतो.